गळती

लष्करात जानेवारीत दिवस दहाला उजाडतो.
तोवर कोहरा पाटणकर बाजारच्या पाट्या पुसून टाकतो
आणि अप्पा माझ्या उत्तरपत्रिका तपासतात.

तपासतात म्हणजे बेरजा बघतात.
एकोणतीस वर्षं गिरणीचा रोजमेळ लिहिला.
भोंगा गेला, बेरजेची खोड राहिली.

वरचाच पेपर फरहीन खानचा.
ग्लुकोजचं विघटन, आठ गुण.
सुरेख लिहिलंय पोरीने:
सहा कर्बांची साखळी,
मोडण्याआधी तिच्यावरच दोन एटीपी खर्चावे लागतात,
मग तीन-तीनचे दोन तुकडे,
मग चार परत.
'निव्वळ दोन,' अप्पा म्हणतात. 'बरोबर आहे.
आधी घातल्याशिवाय धंद्यातून काही सुटत नाही.'

तिथून पुढे त्यांना मी हवी असते.
सांगते, तुकडे तंतुकणिकेत शिरतात,
कर्ब वायू होऊन निघून जातो,
इलेक्ट्रॉन पायरी पायरी खाली उतरतात,
प्रत्येक पायरीवर थोडं काही ठेवून,
आणि तळाशी प्राणवायू उभा असतो, हात पसरून.
त्याच्या ओंजळीत पाणी होतं.
तुम्ही आत्ता काचेवर जो श्वास टाकलात, अप्पा,
त्या दमट डागात कालची भाकरी आहे.

ते काच बाहीने पुसतात.
'आणि चाक?'
चाक त्यांना आवडतं.
पडद्यापलीकडे प्रोटॉन साठतात,
भरलेल्या तिघऱ्यासारखे,
परतायला वाट एकच,
त्या वाटेत चाक,
चाक फिरलं की एटीपी.

मग बोट एका आकड्यावर थांबतं.
'हिने अडतीस लिहिलेत.'
जुनं गाईड असेल, मी म्हणते, आता तीस-बत्तीस धरतात.
'तूच अडतीस शिकवायचीस.'
शिकवायचे.
'मग आठ गेले कुठे?'

थोडे हमालीत, अप्पा, माल आत-बाहेर करण्यात.
थोडे प्रोटॉन चाक न फिरवताच
पडद्यातून झिरपून परततात.

'गळती,' ते म्हणतात,
आणि बराच वेळ काही म्हणत नाहीत.
शेवटच्या वर्षी हा शब्द
त्यांनी रोज लिहिला होता, स्वच्छ अक्षरात.
वरून सही व्हायची.
कुठून, हे कुणी विचारलं नाही.

आज सकाळी त्यांची साखर दोनशे चाळीस.
समजावते: रक्त साखरेने भरलंय,
पेशीचं दार उघडत नाही,
आतली उपाशी आहे.
'गोदामं भरलेली आणि साचे बंद,' ते हसतात.
'हे तू मला शिकवणार?'
हसताना मिशीत एक तीळ दिसतो.
म्हणजे गजकची पुडी पुन्हा रजाईतच आहे.

ओरडणार, तेवढ्यात वीज जाते.
हीटरची लाल तार राखाडी होते,
कोहरा खिडकीला येऊन टेकतो,
माझी बोटं खडूसारखी गार.
पुडी काढायला म्हणून मी हात
रजाईत घालते.

किती गरम आहे आत.
हा म्हातारा, दोन स्वेटर, बंद दारं,
आणि तरी कुठेतरी खोल
न थांबता काही मोडतंय, जळतंय.
शंभरातले जेमतेम चाळीस कामी येतात.
बाकीची नुसती ऊब.
पुस्तकात मी तिला वाया गेलेली ऊर्जा म्हणते,
फळ्यावर तिच्याखाली रेघ मारते.

अप्पा माझा हात पकडून ठेवतात.
पुडी वाचवायला, मला माहीत आहे.
'मग हे कुठल्या खात्यावर टाकायचं?'
कशाबद्दल विचारतायत, मी विचारत नाही.

फरहीनचा अडतीस तसाच आहे.
अर्धा गुण कापायचा होता.
लाल पेन अप्पांच्या हातात आहे
आणि हात रजाईत.