पाचपैकी दोन

हिरेमठ मॅडमनी दिलेला फॉर्म
तिसऱ्या गेटपर्यंत पोचता पोचता
डब्याच्या तेलानं एका कोपऱ्यात काचेसारखा झालाय.
प्रश्न सातवा: स्वतःचा उद्योग काढायची तुमची इच्छा किती?
एक ते पाच. गोल करा.

पहिल्या वर्षी मी पाचावर केला होता,
दोनदा फिरवून, कागद फाटेपर्यंत.
तेव्हा उद्योग म्हणजे एक पाटी होती
उद्यमबागेच्या वळणावर, पिवळी,
तिच्यावर आमचं मुचंडीकर
आधी मराठीत लिहायचं की कन्नडात
एवढाच पेच.

मग फौंड्रीत सहा महिने.
बसलिंगप्पा मेस्त्री म्हणाले, वही ठेव तिकडं.
मूठभर वाळू घे. दाब. आता मोड.
"तुकडा स्वच्छ पडला तर ओल बरोबर.
बोटाला चिकटली, जास्त. सांडली, कमी.
बाकीचं कळतंय की हळूहळू."
ओलीचा आकडा मला पाठ होता, दशांशासकट.
मुठीला नव्हता.

हळूहळू कळलं ते हे:
ओतलेल्या शंभरातले अकरा परत येतात
पोटात हवेचा बुडबुडा घेऊन,
मशीनवर चढेपर्यंत गुळगुळीत.
कोल्हापूरची पार्टी नव्वद दिवस म्हणते, एकशेवीस लावते.
सात तारखेला पगार,
आणि सहाच्या संध्याकाळी चौगुले मालक
बूट काढून, पंखा बंद करून
फोनकडं बघत बसतात.
हजेरीचं रजिस्टर द्यायला गेले तेव्हा विचारलं,
काय शिकलीस?
मी म्हटलं, वाळू.
"मी अजून तेच शिकूलालोय," म्हणाले,
आणि पायानं बूट शोधू लागले.

'कामाचा अनुभव, महिन्यांत.'
चौकोन हरभऱ्याएवढा.
सहा लिहिलं. मावलं.

सातव्याला या खेपेस दोनावर गोल.
मॅडम म्हणाल्या, अगं, अनुभवानं आवड वाढायला पाहिजे,
माझा तक्ता बिघडवलास.
वर्ग हसला. पाचवाला निंगाप्पा सगळ्यात मोठ्यानं.
त्याच्यावर राग नाही.
माझाही पाच असाच होता, गुळगुळीत.
या दोनावर मात्र हातोडी मारून बघा,
कुठं बद्द वाजतो का.

वहीच्या मागच्या पानांवर
मच्छेतल्या शेडचं भाडं लिहिलंय,
जुन्या ओव्हनचा भाव (दोन ठिकाणचा),
आईच्या भिशीचे चाळीस,
तिघींचा पगार, त्यात पहिली यल्लव्वा,
जी कोअर भाजता भाजता एकदा म्हणाली होती
"नी चालू माड, ना बरतीनि",
तू काढ, मी येते,
असं, मीठ मागावं तसं.
सहा तारखेसाठी वेगळी ओळ सोडलीय.

बेरीज तीनदा केली.
अजून अकरा हजारांनी तुटतेय.