शंभर मिली

वेर्ण्याच्या प्रयोगशाळेत सकाळी अकराला
पहिलं डिझेल बाटलीत उतरलं,
अगदी पाण्यासारखं.
मिनीन म्हणाला, वास घेऊन बघ.
घेतला. जवळजवळ नाहीच.
मघाशी विझलेल्या मेणबत्तीएवढा.

आणि हा म्हणे कोळसा.
सड्यावर आमच्या खिडकीच्या गजांवर बसणारा,
गच्चीत वाळणाऱ्या बांगड्यांवर बसणारा,
आई रोज दोनदा ओल्या फडक्यानं पुसते तो.
फडकं पिळताना ती बंदराला एक शिवी देते,
आताशा त्यात राग नसतो.

कृती वहीत लिहून ठेवली आहे:
वाफ, आच, कोळशाचा वायू करायचा,
मग लोखंडाचा भुगा. त्यानं फक्त जुळवून द्यायचं,
स्वतः खर्ची पडायचं नाही.
हे बाबांना सांगायला हवं होतं.
सावर्ड्याहून कुडचड्याच्या धक्क्यापर्यंत
बावीस वर्षं लोखंडाची माती वाहिली त्यांनी
आणि शेवटी खोकत खोकत खर्ची पडले.

एवढ्याशा बाटलीमागे किती पाणी, किती धूर,
तो आकडा मागच्या पानावर आहे, पेन्सिलीनं.
साहेबांनी विचारला नाही.
आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो.

संध्याकाळी उरलेलं घरी आणलं, दाखवायला.
आईनं झाकण काढलं, उजेडात धरलं,
फडक्याच्या टोकावर थोडं ओतलं
आणि गज पुसायला घेतला.
वर्षानुवर्षांचा थर, साबणाला न जुमानलेला,
सरसर निघत गेला. खाली हिरवा रंग होता,
मी विसरलोच होतो.

तिनं फडकं उलटसुलट करून पाहिलं.
आणखी मिळेल का रे, म्हणाली.