एक नंबरची खोबण

काल रात्री अकराला शैलूदादाचा फोन.
सगळं ठीक ना घरी, मी आधी विचारलं.
ठीक गं. तुला माहितेय का,
त्या मिशीवाल्याच्या खेळात
वरचे ढग आणि खालची झुडपं
एकच चित्र आहे?
नुसता रंग बदललाय, वर पांढरा, खाली हिरवा.
कॅसेटमध्ये जागा नव्हती म्हणे.

मी म्हटलं, हं.
आपला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, दादा.
मला ते कायम सारखेच दिसायचे.

वय सेहेचाळीस, बीपीची गोळी चालू,
सातपूरच्या कंपनीत शिफ्ट इनचार्ज,
आणि आवाज असा
की आत्ताच दप्तर फेकलंय पलंगावर.

मिशी का, सांग. तोंड काढायला ठिपके पुरेनात.
टोपी का? केस जमेनात.
आणि आपण फुंकायचो ना कॅसेटमध्ये,
त्यानं काहीच होत नव्हतं.
काढून परत घातली, तेवढ्यानंच चालायची.
उलट फुंकरीच्या ओलाव्यानं गंजायची.

तीन फुंकरा त्याच्या, एक चापट,
चौथी फुंकर माझी.
लहान मुलांची लागते, म्हणायचा.

नाशिकरोडला प्रेसच्या क्वार्टरमध्ये
बोनसच्या पैशातून आलेला तो डबा.
कॅसेटवर छापलेलं: नऊ लाख नव्याण्णव हजार
नऊशे नव्याण्णव खेळ.
अण्णा नोटांच्या मोजणीला. त्यांनी चष्मा लावला,
जेवण झाकून ठेवायला सांगितलं, आणि मोजले.
सात.
बाकी तेच सात, नावं बदलून.
आमच्याकडे असा गठ्ठा आला असता
तर अख्खी पाळी थांबवली असती, म्हणाले,
आणि रात्री दीडपर्यंत रणगाडे उडवत बसले.

आता बंदुकीचं ऐक, दादा म्हणाला.
ती काही सोडतच नव्हती.
घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा,
बदकाच्या जागी पांढरा चौकोन,
आणि बंदूक फक्त बघायची, उजेड दिसतोय का.
नुसती बघायची गं.
आम्ही खांदे दुखेस्तोवर नेम धरायचो.

मग थांबला.
बसलीयेस ना?
एक बदकाच्या खेळात
एक नंबरच्या खोबणीतला रिमोट चालू असायचा.
बदक फिरवता यायचं त्यानं.
तुझ्या हातात असायचा तो.

धर, तू पण खेळतेयस, असं सांगून
त्यानंच दिला होता, मी रडू नये म्हणून.
तिसऱ्या दिवशी मी डावं बटण दाबलं
आणि बदक डावीकडे गेलं.
उजवं दाबलं. उजवीकडे.
मी फ्रॉकखाली हात लपवला
आणि कुणाला म्हणून सांगितलं नाही.

फारूख हरला, बोराड्यांचा नितू हरला,
बंदूक उघडून काच पुसली,
शेवटी सगळ्यांनी मिळून
एकलहऱ्याच्या व्होल्टेजला शिव्या घातल्या.
गवतातून उठून कुत्रा हसायचा,
मी त्याच्याबरोबर हसायचे,
तर दादा म्हणायचा, हिला कळत काही नाही, हसते बघ.

अय्या, खरंच? मी फोनवर म्हटलं.
अगं खरंच! म्हणजे तू नकळत...
बापरे, दादा.
थोडा वेळ दोघंही त्या बापरेत बसलो.

मग त्यानं विचारलं, जरा हळू,
पण ते गणितात अकरा मिळाले होते बघ मला,
अण्णा दिवसभर बोलले नव्हते,
आणि संध्याकाळी मी दहाच्या दहा पाडली.
अण्णांनी पाठ थोपटली होती. आठवतं?
त्या दिवशी रिमोट कुणाकडे होता?

अंगठा बटणावरून उचलून
हवेत धरून ठेवला होता मी, दहा बदकं होईस्तोवर.
मुंग्या आल्या होत्या.

मी नव्हतेच घरात, म्हटलं.
खाली दोरीवरच्या उड्या मारत होते.

हां, तो म्हणाला.
मग ती माझीच.