रुग्णाशी नाते

मिरजेत काउंटरवरच्या पोरीनं विचारलं,
'अ‍ॅडमिट कोण करतंय?'
मी म्हटलं, मी.
'पेशंटचे कोण तुम्ही?'

एवढा साधा प्रश्न
आमच्या वकिलांनी नऊ वर्षांत मला विचारला नव्हता.
ते लिहून आणायचे, मी सही करायचो:
सदर इसम वादीच्या वडिलांचा कोणीही लागत नाही.

आजही तारीखच होती.
सांगलीच्या कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या टपरीपाशी
सदर इसम छातीला हात लावून खाली बसला.
पिशवी मात्र सोडली नाही.
रिक्षात ती माझ्या मांडीवर आली.
आत चपातीचा डबा,
आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला शाळा सोडल्याचा दाखला:
रायगोंडा देवगोंडा मगदूम. जन्मस्थळ कुपवाड.
हाच कागद आम्ही खोटा म्हटला होता.

दावा दाखल केला तो आम्ही.
समडोळीचं साडेतीन एकर हळदीचं रान,
त्यात त्यानं पाय ठेवू नये म्हणून.
दाखल, दाखला, दखल –
एकाच घरातले वाटतात हे शब्द,
रेशनकार्डं तेवढी वेगळी.

दादा गेले त्या दिवशी हा फाटकापाशी उभा होता,
इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.
आत ये, कुणी म्हटलं नाही.
जा, असंही नाही.
आईनं खिडकीतून एकदा बघितलं
आणि पडदा ओढला.
मी मात्र बघत राहिलो.
डाव्या हाताच्या बोटानं तो कानामागं खाजवत होता,
अडचण आली की दादा खाजवायचे तसं.
मला तेव्हाच कळलं होतं.
वकिलांना सांगितलं नाही.
त्यांनी विचारलं असतं, तरी.

'काका, लवकर. तो रकाना कॉम्प्युटर रिकामा घेत नाही.'
मागं रांग. कुणाचं तरी पोर रडत होतं.
मी लिहिलं. दोन अक्षरं.

संध्याकाळी वकिलांचा फोन, मीच सांगून टाकलं.
'काय करून बसलात! ही कबुली धरतात, मगदूम.'
मी म्हटलं, डिपॉझिटची पावतीही माझ्याच नावावर आहे.
ते थोडा वेळ गप्प राहिले.
पुढची तारीख सतरा, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले.
मला बघितलं, आणि पहिल्यांदा पिशवी मागितली.
नळ्या लावलेल्या हातानं चाचपून
दाखला आहे याची खात्री केली.
मग ती उशाखाली सरकवली,
माझ्याकडं बघत बघत.