फाटक

जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर मेंदू काढला,
भोवती कुंपण.
म्हणाल्या, औषध इथपर्यंत येतं
नि परत फिरतं.
म्हणून रक्तात बारीक बुडबुडे सोडायचे,
कवटीवरून आवाज नेमका तिथेच रोखायचा,
कानाला न कळणारा.
बुडबुडे थरथरतात, फट पडते.

सुपडूअप्पा, निंभोऱ्याचे जुने गेटमन,
एकतीस वर्षं केळीचे ट्रक थोपवलेले.
हल्ली नातवाचं नाव विसरतात,
गाड्यांचे नंबर नाही.

"शिट्टी ऐकू येत नाही,
अन् फाटक उघडतं?"
"हो."
"मंग बंद कोन करतं?"
"आपोआप. काही तासांत."

अप्पा बराच वेळ गप्प.
उजवा हात मांडीवर
हँडल फिरवल्यासारखा फिरत राहिला.
"माणूस ठेवा तिथं एक,"
म्हणाले,
"रात्रपाळीला."