तळमजला

पीएचडी झाली, व्हायवा झाला, पेढे वाटून झाले,
तरी अजून दोन वर्षं शिकायचंय म्हटल्यावर
आत्या म्हणाली, अगं, मग तू डॉक्टर आहेस की नाहीस नक्की?
गोळी देत नाहीस, सुई टोचत नाहीस,
परळला जाऊन करतेस काय दिवसभर?

बघते, आत्या.
काचेच्या अलीकडे अंधारात बसून
पलीकडच्या उजेडात बघते.
तिकडून आरसा, इकडून खिडकी.
मांडीवर पॅड, मुठीत स्टॉपवॉच.
किती हाकांनंतर मान वळली,
दाखवलं तिकडे पाहिलं
की नुसतंच दाखवणाऱ्या बोटाकडे.

प्रणील घाडी. पाच वर्षं, दोन महिने. राहणार घोडपदेव.
आत ग्लोरिया, माझ्याच बॅचची, त्याला खेळवत होती.
पेटीतून परदेशी बाहुली निघाली, आज तिचा वाढदिवस,
लगद्याचा केक, चार मेणबत्त्या, खोटी आग.
मूल फुंकर मारतं का, ते पाहावं, असं पुस्तकात आहे.

प्रणीलने मेणबत्त्या उपटल्या,
आडव्या, एकीवर एक रचल्या,
बाहुली शेजारी उभी केली
आणि तिला थांबायला लावलं.
मी लिहिलं: कल्पनेचा खेळ नाही.

मग तो म्हणाला, "तळमजला."
खर्जात, एखाद्या पोक्त माणसासारखं.
पुन्हा, "तळमजला."
अकरा वेळा. मी मोजलं.
मी लिहिलं: पुनरुच्चार, संदर्भहीन.
माझं अक्षर वळणदार आहे.

संध्याकाळी फ्रेनी मॅडमनी तो कागद वाचला
चष्मा कपाळावर सारून, चहात खारी बुडवत.
खारीचा तुकडा कपात पडला, तो चमच्याने काढला,
मग "संदर्भहीन"खाली पेन्सिलीने एक रेघ.
"कोणाला संदर्भ नाय? त्याला की तुला?
बाप काय करतो ह्याचा?"

मला माहीत नव्हतं.
फॉर्मवर रकाना होता,
मी "नोकरी" लिहून पुढे गेले होते.

बाप लिफ्टमन. फोर्टातली जुनी बिल्डिंग,
जाळीचं दार, पितळी दांडा, बसायला स्टूल.
शाळा घेत नाही म्हणून पोरगा त्याच्याबरोबर जातो,
स्टुलाला टेकून वर-खाली करतो दिवसभर.
तळमजला म्हटलं की दार सरकतं.
तळमजला म्हटलं की कोंडलेले सगळे सुटतात.

अकरा वेळा.
मी मोजलं.

मराठीत ह्याला स्वमग्न म्हणतात.
कुणीतरी मायेनेच घडवला असेल शब्द.
रिपोर्ट टाईप करताना हल्ली
माझं बोट "स्व"वर घुटमळतं.

आकडे मात्र बदलले नाहीत. निदानही तेच.
त्याची आई दर्शना, पदराच्या टोकाची गाठ सोडत-बांधत,
"बोलेल ना हो?"
आत्ताच सांगता येणार नाही, हे वाक्य मला पाठ आहे.
"बोलतोय," म्हटलं.
"ते लिफ्टचं? ते काय बोलणं झालं?"
आणि तिने बसची वेळ विचारली.
तिला समजावण्याइतकं मी अजून शिकलेले नाही.

पुढच्या मंगळवारी मी आत होते, ग्लोरिया काचेआड.
तो आला आणि बंद दारापाशी उभा राहिला, भिंतीकडे तोंड करून.
पेटी उघडलीच नाही.
त्याच्या शेजारी उभी राहिले, भिंतीकडेच तोंड करून,
हवेतली जाळी ओढली. दांडा धरला.
"माळा कुठला?"

त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही.
हाताकडे पाहिलं. नीट, बराच वेळ,
दांडा बरोबर धरलाय का ते तपासत.
मग माझी मूठ दोन बोटं वर सरकवली.
"चौथा."

आमची बिल्डिंग तीन मजल्यांची आहे.
गेलो आम्ही.