जसेच्या तसे

प्रभात रोडवरचं छोटं थिएटर, परीक्षक तिघंच.
एसी असा की खांबेट्यांनी कानटोपी चढवली.
गुणपत्रिकेत एक रकाना:
मूळ कादंबरीशी इमान. दहापैकी.

पडद्यावर सगुणा भात वाढते,
पातेल्यावर झाकण ठेवते
आणि उंबरा ओलांडते.
बोलत काहीच नाही.

"ते वाक्य कुठाय?" खांबेटे अंधारातच ओरडले.
एकशे बारा पानावरचं ते वाक्य,
दहावीच्या पुस्तकातलं, वक्तृत्व स्पर्धांतलं,
एकदा तर स्वारगेटला रिक्षाच्या पाठीवर पाहिलेलं.
"गळाच कापला की हो. शून्य द्या."

एकोणसत्तर साली, शनिवारातल्या छापखान्यात
तिसरं प्रूफ माझ्यापुढे होतं.
लेखकाने ते वाक्य खोडलेलं,
लाल शाईची एकच रेघ, समासात बारीक अक्षर:
नको. ती बोलणार नाही.

मी बावीस वर्षांची.
मला ते वाक्य घरी कोणाला तरी म्हणायचं होतं.
खोडलेल्या शब्दांखाली टिंबं दिली,
समासात लिहिलं: जसेच्या तसे.
खिळे जुळवणाऱ्याने मान हलवली.

पुस्तक हातात आल्यावर लेखक म्हणाले,
छपाई स्वच्छ आहे.
एवढंच.

बाहेर दिग्दर्शक मुलगी गार झालेला चहा धरून उभी.
ते का गाळलंस, विचारलं.
"वाचताना नेहमी वाटायचं," ती चाचरली,
"तिथे दुसरंच कोणीतरी बोलतंय."

रकान्यात दहा लिहिले.
खांबेटे बघत होते, म्हणून खोडले.
मग खाली
टिंबं दिली.